पोत्यातली वीज

जालन्यात वीज म्हटली, की पोलादाच्या भट्ट्या आठवतात. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात मात्र विजेचे आणखी एक रूप पोत्यात बांधून येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पिण्याच्या पाण्यात टाकायची टी.सी.एल. पावडर, ती ही वीज!

विरी गेलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला, की ही पावडर बनते. क्लोरीन मिळतो आपल्या रोजच्या मिठातून. पण मिठातली सोडियम-क्लोरीनची गाठ मोठी चिवट. कारखान्यात ती विजेनेच सोडवावी लागते. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली, की एकीकडे क्लोरीन निघतो, दुसरीकडे हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा. आजच्या पातळ पडद्यांच्या घटांतही टनभर क्लोरीनमागे सुमारे अडीच हजार युनिटे खर्ची पडतात. पूर्वीच्या पाऱ्याच्या घटांना याहून अधिक लागत. म्हणून हा धंदा वीजखाऊ म्हणून ओळखला जातो.

मी बँकेत उभी हयात ताळेबंद तपासले. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, तरी हिशेबाची खोड गेली नाही. २५ किलोच्या ताज्या पोत्यात ३३ टक्के, म्हणजे सुमारे ८ किलो क्लोरीन. त्यामागची वीज अवघी २० युनिटे, आणि तेवढ्यात कॉस्टिक सोडाही पदरात पडलेला. हजार लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम पावडर धरली, तर एका पोत्यात एक कोटी लिटर पाणी निर्जंतुक होते. तेवढेच पाणी विजेवर उकळायचे ठरवले, तर आठ लाखांहून जास्त युनिटे लागतील!

म्हणजे वीजखाऊ धंद्याचा हा माल गरिबाच्या हंड्याचा सर्वांत स्वस्त राखणदार ठरतो. अट एकच, तो पोत्यात टिकला पाहिजे. ओल, ऊन आणि उघडे तोंड यांनी क्लोरीन उडून जातो, चुना तेवढा उरतो. पोते मात्र तसेच दिसते, नोंदवहीतले मापही बरोबर भरते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर खात्यावर शिल्लक आहे आणि तिजोरी रिकामी! त्याची वसुली पहिल्या पावसात होते, हगवणीच्या साथीने, आणि तीही लेकरांकडून.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर गावकऱ्यांनी पोत्यावरची तारीख पाहावी, ते कोरड्या, सावलीच्या जागी तोंड बांधून ठेवले आहे की नाही, हे विचारावे. पावडर टाकल्यावर तासाभराने जलसुरक्षक ओ.टी. चाचणी करतो, तेव्हा शेजारी उभे राहावे. नळीतले पाणी पिवळसर झाले, तर क्लोरीन अजून जागा आहे. रंग आलाच नाही, तर ते पाणी उकळल्याशिवाय घरात कुणाला देऊ नये.