पटावरील युद्धखेळांतील नियमांचा अर्थनिर्णय

पटावर खेळावयाच्या युद्धखेळांत आरमार व विमानदल यांच्या नियमांविषयी वाद होण्याचा संभव अधिक असतो. पायदळ भूमीवरच लढते. विमान मात्र भूमी व समुद्र दोहोंवर जाते, आणि त्याच्या ठिकाणी दोन नियमांची क्षेत्रे एकत्र येतात.

‘ॲक्सिस अँड अलाइज १९४२’ हा खेळ उदाहरणादाखल घेऊ. विमानाचा मारा शत्रूच्या नौकांना लागू शकतो, हा सामान्य नियम. पाणबुडीला मात्र तो स्वपक्षाची विनाशिका लढाईत असेल तरच लागतो, हा विशेष नियम. विशेषाने सामान्याचा बाध होतो, हे उघडच आहे. परंतु पहिल्या फेरीत विनाशिका बुडाली तर पुढे काय? ‘लढाईत असेल’ म्हणजे लढाईच्या आरंभी, की त्या त्या फेरीत?

निमित्त गेले की त्यावर अवलंबून असणारे कार्यही जाते, असा एक न्याय व्याकरणशास्त्रात चर्चिला गेला आहे. तो सर्व वैयाकरणांना सर्वत्र मान्य नाही. येथे मात्र प्रत्येक फेरीस फासे नव्याने पडतात. म्हणून निमित्तही प्रत्येक फेरीस नव्याने पाहणे युक्त होय. पूर्वीच्या फेरीत बुडालेली पाणबुडी बुडालेलीच राहील. पुढील फेरीत विमानाचा अधिकार संपेल.

तात्पर्य, ही संदिग्धता शब्दार्थाची नसून कालमर्यादेची आहे. सूत्रांना जशा परिभाषा, तसे नियमांना अर्थनिर्णयाचे संकेत हवेत. आणि ते खेळ मांडण्यापूर्वीच ठरले पाहिजेत. डाव रंगात आल्यावर केलेला अर्थ हा बहुधा अर्थ नसून पक्षपात असतो.