रक्ताचा कागद आणि आंबा घाट

मराठीच्या प्राध्यापकाने मूत्रपिंडावर लेख लिहावा हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या आषाढात मला या विषयाची जी शिकवणी मिळाली, तिची फी आमच्या अण्णांनी भरली आहे. ती वाया घालवणे बरे नव्हे.

अण्णा म्हणजे माझे धाकटे काका. रत्नागिरीत आमच्याच आळीत राहतात. त्या रात्री जेवणानंतर त्यांच्या पोटात, बेंबीच्या वर, कळ उठली आणि आरपार पाठीत जाऊ लागली. पुढे वाकून बसले की जरा बरे, आडवे झाले की असह्य. ओकाऱ्या थांबेनात. काकूंनी ओवा-हिंग करून पाहिले आणि मग मला हाक मारली. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा लायपेज नावाचे पाचकद्रव्य मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले. स्वादुपिंडाचा तीव्र दाह! नाव किती गोड, पण हे पिंड बिघडले की अन्नासाठी केलेल्या रसांनी स्वतःलाच पचवू लागते.

त्याच कागदावर 'क्रिएटिनिन १.१' असे होते. शेजारी छापलेल्या मर्यादेत ते बसत होते.

"चला, किडनी तरी ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"सर, हा आकडा कालचा आहे," तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितले. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामकाजातला कचरा. तो मूत्रपिंडे बाहेर टाकतात. झाडूवाले संपावर गेले तरी पहिल्या दिवशी रस्ता स्वच्छच दिसतो. तसेच मूत्रपिंडाला इजा झाली तरी रक्तातला हा कचरा डोळ्यांत भरण्याइतका साचायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. या दुखण्यात तर रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातले पाणी पोटात झिरपते, रक्त आटते, आणि मूत्रपिंडांना मिळणारा पुरवठा तुटतो. "मग सलाईनच्या बाटल्या भराभर सोडा की!" मी शहाणपणा केला. तेही बेताने, असे त्या म्हणाल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात भरमसाट पाणी दिलेल्या रोग्यांना फायदा तर दिसला नाहीच, उलट अंगात पाणी साचण्याचा त्रास अधिक झाला.

क्रिएटिनिन हे नाव ग्रीक भाषेतील मांसवाचक शब्दावरून आले. १८८६ साली याफे या जर्मन शास्त्रज्ञाने पिक्रिक आम्लाशी त्याचा नारिंगी-तांबडा रंग येतो हे दाखवले, आणि पुष्कळ प्रयोगशाळा आजही त्याच रंगावर आकडा काढतात. १९७४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टर रॅन्सन यांनी या दुखण्याची अकरा गंभीर लक्षणे नोंदली. त्यांतले एक असे : पाणी देऊनही पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत रक्तातील युरिया नायट्रोजन पाच मिलिग्रॅमहून अधिक चढणे. म्हणजे एकुलत्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची.

बाईंनी काकूंना तासातासाला लघवी मोजून लिहायला सांगितली. कागद शोधायला वेळ नव्हता. पिशवीत दुधाच्या हिशेबाची वही होती, तीच उघडली. अण्णांचे वजन साठ किलो. तासाला तीस मिलिलिटरच्या आत लघवी सलग सहा तास राहिली तर मूत्रपिंड अडचणीत आहे असे समजतात. वहीत आकडे उतरले : २८, २५, २२, २०, २०, १८. युरिया नायट्रोजन सकाळी १८ होते, संध्याकाळी ३१ झाले. क्रिएटिनिन मात्र १.३, मर्यादेच्या काठावर, पण आतच.

"आत्ताच कोल्हापूरला हलवा. डायलिसिस लागलेच तर जवळ असलेले बरे," बाई म्हणाल्या.

बाहेर पाऊस कोसळत होता. कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरांहून दूर, मध्ये आंबा घाट. काकू म्हणाल्या, "अरे, रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग अशा रात्री त्यांना घाटात कशाला घालतोस?" खरे सांगतो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. सही करताना हात कापत होता. साखरप्यापुढे धुके इतके की ॲम्ब्युलन्सचा चालक मान बाहेर काढून गाडी हाकत होता, आणि मी मनातल्या मनात त्या बाईंना बोल लावीत होतो.

कोल्हापुरात सकाळी क्रिएटिनिन २.१ निघाले. तिसऱ्या दिवशी ३.४. मग उतरू लागले. डायलिसिस लागले नाही.

आता मूत्रपिंडाची इजा काही तासांतच सांगू पाहणाऱ्या नव्या खुणा आल्या आहेत. त्यांतल्या एनगॅलने २००५ साली हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या मुलांमध्ये दोन तासांत वर्दी दिली होती. दुसरी सिस्टॅटिन सी. परंतु स्वादुपिंडाच्या दाहात यांतल्या एकाच आकड्यावर डॉक्टर अजून निर्धास्त विसंबत नाहीत, आणि या तपासण्या गावोगाव मिळतही नाहीत. लघवीचे मापपात्र मात्र कुठेही मिळते.

पुढे अण्णांचे पित्ताशय काढले. ते आता काकूंच्या नजरेखाली बिनतुपाचा वरणभात जेवतात. दुधाची वही अजून तीच चालू आहे. गवळी हिशेबाला आला की मधल्या त्या पानाशी थबकतो, आणि काकू ते पटकन उलटतात.