निदान कोणीं करावें ?

चिंचवडच्या दामोदर व बाळकृष्ण या चापेकर बंधूंनीं २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारनें त्याचा राग साऱ्या पुणें शहरावर काढण्यास आरंभ केला, तेव्हां ६ जुलैच्या ‘केसरी’नें मथळा दिला : ‘सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय ?’ हा प्रश्न वैद्यकीय आहे असें कोणाहि वाचकास वाटलें नसेल. तो सरकारच्या कृतीविषयीं होता. डोकें ठिकाणावर नसणें म्हणजे विवेक सुटणें. तें कोणत्याहि रोगाचें नांव नव्हे.

आजचें भाष्य ही मर्यादा पाळीत नाहीं. दूरदर्शनवरील वादचर्चेंत एखाद्या पुढाऱ्यास ‘भ्रमिष्ट’ किंवा ‘स्किझोफ्रेनिक’ ठरविलें जातें. ‘याला येरवड्याला पाठवा’ हा शेरा तर पुण्यापासून चाकणपर्यंत सर्वांच्या तोंडीं आहे. कारण तेथें प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

परंतु निदान म्हणजे शेरा नव्हे. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशीं समक्ष बोलतो, आप्तांकडून पूर्वेतिहास घेतो, लक्षणें किती दिवस टिकलीं हें पाहतो आणि थायरॉईडसारखा शारीरिक दोष तर मुळाशीं नाहीं ना, याची खात्री करून घेतो. व्यासपीठावरील पुढारी मात्र श्रोत्यांसाठीं बोलत असतो. त्याचा आवेश पुष्कळदां ठरवून आणलेला असतो. त्यावरून त्याच्या मनाची परीक्षा कशी व्हावी?

प्रत्यक्ष तज्ज्ञहि या मोहांत सांपडले आहेत. अमेरिकेंत १९६४ सालीं ‘फॅक्ट’ नियतकालिकानें १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांस विचारलें कीं, बॅरी गोल्डवॉटर हे अध्यक्षपदास मनानें योग्य आहेत काय ? उत्तरें २,४१७ आलीं. त्यांपैकीं १,१८९ जणांनीं त्यांना अयोग्य ठरविलें. गोल्डवॉटर यांनीं अब्रुनुकसानीचा दावा लावला व १९६८ सालीं तो जिंकला. पुढें १९७३ सालीं तेथील तज्ज्ञांच्या संघटनेनें नियम केला कीं, स्वतः तपासल्यावांचून व संमतीवांचून कोणाहि सार्वजनिक व्यक्तीचें निदान जाहीर करूं नये.

भारतांतहि दिशा स्पष्ट आहे. मनोविकलतेच्या कारणावरून संसदसदस्य अपात्र ठरावयाचा असेल, तर राज्यघटनेच्या १०२ व्या अनुच्छेदाप्रमाणें सक्षम न्यायालयानें तसें घोषित केलेलें असावें लागतें. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो कीं, राजकीय स्थितीच्या आधारावर कोणाचाहि मानसिक आजार ठरवितां येणार नाहीं.

मग मतदारानें पुढाऱ्याची पारख करूंच नये काय ? अवश्य करावी, पण त्याच्या कृतीवरून. दिलेलीं वचनें, सभागृहांतील मतदान, खर्चलेला पैसा, बोललेलें असत्य, हें सर्व तपासण्यास वैद्य लागत नाहीं. उलट, लबाडीस रोग म्हटलें कीं लबाड माणूस जबाबदारींतून सुटतो, आणि ज्यानें कांहींच अपराध केला नाहीं त्या रुग्णाच्या माथीं लबाडीचा कलंक बसतो.

खरी हानि येथेंच आहे. चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या ज्या तरुणास आठवडेच्या आठवडे झोंप नाहीं, तो घरांत हीच चर्चा ऐकत असतो. रोगाचें नांव ही शिवी आहे असें तो शिकतो आणि आपलें दुःख लपवितो. दवाखान्याची पायरी चढण्यास त्याला जो उशीर होतो, त्याचें मोल त्याचें घर भरतें ; चर्चा करणारे भरीत नाहींत.