हेअर ट्रान्सप्लांटनंतर लावलेले केस गळू लागले तर?

हेअर ट्रान्सप्लांट होऊन तीन-चार आठवडे झाले की बरेच रुग्ण घाबरून विचारतात, "डॉक्टर, लावलेले केस उशीवर पडताहेत. सगळे वाया गेले का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच असते.

केस का गळतात?
डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातील केसांच्या मुळांवर डीएचटी या हार्मोनचा फारसा परिणाम होत नाही. ही मुळे पुढे लावली तरी त्यांचा हा गुण टिकतो, असे अमेरिकेतील डॉ. नॉर्मन ओरेनट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडले. आजची शस्त्रक्रिया याच तत्त्वावर चालते. मात्र जागा बदलल्याच्या ताणामुळे मुळे काही काळ विश्रांती घेतात. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वरचा केस गळतो, मूळ त्वचेखाली शाबूत राहते.

नवे केस कधी दिसतात?
साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, मऊ केस येऊ लागतात. सहाव्या महिन्यापर्यंत फरक जाणवतो. पूर्ण परिणाम कळायला १२ महिने, तर टाळूच्या मागच्या भोवऱ्याजवळ कधी १८ महिनेही लागतात. त्याआधी शस्त्रक्रिया फसली असा निष्कर्ष काढू नका.

पहिल्या दोन आठवड्यांत काय काळजी घ्यावी?
• पहिल्या काही रात्री डोके उंचावर ठेवून झोपा. कपाळावर किंवा डोळ्यांभोवती येणारी सूज सहसा आठवडाभरात उतरते.
• साधारण दहा दिवस लावलेली जागा चोळू नका, खाजवू नका. खपल्या नखाने काढू नका, त्या आपोआप पडू द्या.
• डोके धुण्यास डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरुवात करा. नळाची किंवा शॉवरची जोराची धार टाळा, मगाने हलकेच पाणी सोडा.
• तेल, मालिश, घरगुती लेप नकोत. हेल्मेट कधी घालायचे ते डॉक्टरांना विचारा; तोवर दुचाकी चालवू नका.
• धूम्रपान बंद ठेवा. त्यामुळे रक्तपुरवठा कमी होऊन जखम भरायला वेळ लागतो.

ताप, पू, वाढत जाणारी वेदना, न थांबणारा रक्तस्राव किंवा काळी पडणारी त्वचा दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शस्त्रक्रियेने टक्कल थांबत नाही
हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या आजूबाजूचे मूळचे केस आनुवंशिक टक्कलामुळे विरळ होतच राहतात. उपचार थांबवले तर काही वर्षांनी पुढे केसांचा पट्टा आणि मागे मोकळी जागा असे दृश्य दिसू शकते. मागचा केसांचा साठा मर्यादित असल्याने दर वेळी पुन्हा शस्त्रक्रिया शक्य होत नाही. म्हणून पुरुषांना मिनॉक्सिडिल आणि गरजेनुसार फिनास्टेराइड सुरू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ही औषधे बंद केली की काही महिन्यांत त्यांचा फायदा ओसरतो. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होणे किंवा मन उदास होणे असे त्रास दिसतात, म्हणून ते स्वतःहून दुकानातून घेऊ नका. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडाही या गोळीने कमी येतो. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना गोळीबद्दल सांगा.

शस्त्रक्रिया कोण करणार, हे आधी विचारा
राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावी; कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून मिळवलेले ज्ञान पुरेसे नाही. त्यामुळे 'किती ग्राफ्ट, किती रुपये' याआधी डॉक्टरांची पदवी आणि प्रशिक्षण, भूल कोण देणार, अचानक त्रास झाल्यास काय सोय आहे आणि पुढची पाच वर्षे उरलेल्या केसांसाठी काय योजना आहे, हे विचारून घ्या. ज्या ठिकाणी या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नाहीत, तिथे शस्त्रक्रिया करून घेऊ नका.