खेळ सुरू करताच संगणक बंद पडतो तेव्हा

आपल्याकडील पुष्कळ व्यापारी घरांत संगणक हा एकत्र कुटुंबाच्या तिजोरीसारखा असतो. सर्वांचा मिळून एकच. दिवसा त्यावर टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार चालतात, आणि रात्री जेवणे आटोपली की चिरंजीव किंवा नातू त्यावर खेळ लावतात. दिवसभर विनातक्रार चाललेले हे यंत्र खेळाच्या चिन्हावर क्लिक करताच काळे पडते, अथवा आपोआप पुन्हा सुरू होते. घरात निकाल तत्काळ लागतो : ‘खेळामुळे संगणक बिघडला.’ दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ येतो आणि म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ या दोन वाक्यांपैकी पहिले बहुधा अर्धवट असते आणि दुसरे फार महागात पडू शकते.

टॅलीत नोंदी करताना संगणकाची शक्ती फारच थोडी खर्च होते. आधुनिक खेळ सुरू होताना मात्र प्रोसेसरचे सर्व भाग एकदम कामाला लागतात, ग्राफिक्स कार्ड जास्तीत जास्त वीज ओढते, रॅम भरत जाते आणि डिस्कवरून प्रचंड माहिती उचलली जाते. यंत्रात कोठे कच्चा दुवा असेल, तर तो याच क्षणी तुटतो. बँकेत वर्षानुवर्षे निवांत चाललेल्या शाखेतील चूक लेखापरीक्षक आल्यावर उघडकीस येते. म्हणून ती चूक लेखापरीक्षकाने केली असे कोणी म्हणत नाही. खेळाची भूमिका पुष्कळदा अशीच असते.

याचे अलीकडचे उत्तम उदाहरण इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे. हे महागडे प्रोसेसर बसवलेल्या संगणकांवर काही खेळ सुरू होतानाच कोसळू लागले, आणि पडद्यावर संदेश येई की ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी आहे. ज्यांच्या कार्डात मेमरी भरपूर होती त्यांनाही हाच संदेश! स्वाभाविकच लोकांनी कार्डावर संशय घेतला. 2024च्या एप्रिलमध्ये कार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीने अशा ग्राहकांना इंटेलकडे जाण्यास सुचवले. पुढे इंटेलने मान्य केले की सदोष मायक्रोकोडमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे त्याची झीज होत होती. ऑगस्ट व सप्टेंबर 2024मध्ये दुरुस्तीचे मायक्रोकोड आले आणि अशा प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. अर्थात, जो प्रोसेसर आधीच झिजला तो या दुरुस्तीने पूर्ववत होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो.

दोष खेळातच आधी का दिसला, हे कळण्यासारखे आहे. खेळ उघडताना दाबून लहान केलेली माहिती उलगडावी लागते, आणि उलगडताना ती बिनचूक आहे की नाही हे पडताळले जाते. बेरजा ताडून पाहणारा कारकून चूक पकडणारच. म्हणून पडद्यावरील संदेशात ज्याचे नाव आले तोच गुन्हेगार, असे गृहीत धरू नये. तो संदेश उचंत खात्यातील नोंदीसारखा समजावा. रक्कम तेथे दिसते, पण ती तेथली नसते.

आपल्या घरी असा प्रसंग आल्यास प्रथम एवढेच पाहावे की नेमके बंद काय पडले. फक्त खेळ मिटला आणि विंडोज शाबूत राहिले, की निळा पडदा आला, की वीज गेल्यासारखे यंत्रच बंद झाले? स्टार्टवर क्लिक करून ‘रिलायबिलिटी’ एवढा शब्द टाइप केला, तर विंडोजची दिनवार रोजकीर्दच उघडते. ज्या दिवशी बिघाड झाला तेथे लाल फुली असते आणि कोणता प्रोग्रॅम कोसळला हेही लिहिलेले असते. ही सोय प्रत्येक संगणकात असूनही फार थोडे लोक तिचा उपयोग करतात.

यंत्रच बंद पडत असेल, तर आधी वीजपुरवठा तपासावा. पेढीवरील लहान यूपीएसवर ‘600 व्हीए’ असे ठळक छापलेले असते. परंतु व्हीए म्हणजे वॅट नव्हे. अशा यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता साधारणतः 360 वॅट असते. त्यावर मॉनिटर, राउटर आणि कधी कधी चक्क लेझर प्रिंटरही जोडलेला असतो (लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच जोडू नये). टॅलीपुरता हा संसार निभतो. ग्राफिक्स कार्ड जागे झाले की यूपीएस हात टेकतो. दिवसाचे काम आटोपल्यावर, बॅकअप घेऊन, एकदा संगणक थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून खेळ सुरू करून पाहावा. चालला, तर यूपीएसचे उत्तर मिळाले. तरीही बंद पडला, तर संगणकाच्या आतील एसएमपीएसकडे पाहावे. स्वस्त एसएमपीएसवरील वॅटचा आकडा मोठा असतो, पण तेवढी वीज तो प्रत्यक्षात देईलच असे नाही.

धुळीचा दोष वेगळा ओळखता येतो. कापड किंवा धान्याच्या दुकानातील संगणकाचे पंखे धुळीने माखतात हे खरे, पण यंत्र तापायला काही मिनिटे लागतात. दहाव्या सेकंदाला बंद पडणारे यंत्र सहसा उष्णतेने पडत नाही; पंधरा-वीस मिनिटांनी पडणाऱ्याचे झाकण अवश्य उघडावे.

केवळ खेळच मिटत असेल, तर प्रकरण बहुधा किरकोळ असते. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा घालावा, किंवा नव्यानंतरच त्रास सुरू झाला असल्यास जुना परत आणावा. सी ड्राइव्हवर मोकळी जागा आहे का पाहावे. स्टीमवरून घेतलेल्या खेळाच्या फायली तेथल्या तेथे तपासून घेता येतात. रॅमचा संशय असेल तर विंडोजमध्येच मेमरी तपासणीची सोय आहे. ती रात्री लावून झोपावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. खेळ विकत न घेता ‘क्रॅक’ करून आणलेला असेल, आणि तो चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद करायला सांगितले असेल, तर मी वर लिहिलेले काहीही करू नये. तो खेळ त्याच क्षणी काढून टाकावा व पूर्ण तपासणी होईपर्यंत त्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार करू नये. ज्या संगणकात पेढीची डिजिटल स्वाक्षरी वापरली जाते, तेथे अनोळखी माणसाला मागचे दार उघडून देण्यासारखेच हे आहे.

फॉरमॅटची वेळ खरोखर आलीच, तर तंत्रज्ञाला हात लावू देण्यापूर्वी टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि दुसऱ्या संगणकावर तो उघडून एक-दोन खात्यांची शिल्लक ताडावी. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. टॅलीचा डेटा पुष्कळदा सी ड्राइव्हवरच असतो आणि फॉरमॅटमध्ये तोच ड्राइव्ह पुसला जातो. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. ‘नातवाच्या खेळापायी गेले’ हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालणार नाही.

आणि सुटा भाग बदलायची पाळी आली, तर आधी खरेदीचे बिल शोधावे. जुळवून घेतलेल्या संगणकात दुकानदार बहुधा एका वर्षाचीच हमी तोंडी सांगतो, परंतु प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस यांची उत्पादकांची हमी स्वतंत्र असते व पुष्कळदा तीन वर्षे किंवा अधिक. बिलावर भागाचा अनुक्रमांक लिहून घेतलेला असेल, तर ती मिळवणे सोपे जाते.