केळं भरवत बसू नका

घर आणि रांगतं मूल : लेखांक ९

मुलाने नाणं गिळलं की घरातल्या मोठ्यांचा उपाय ठरलेला असतो : केळं भरवा आणि दोन दिवस शीवर लक्ष ठेवा. पोटात उतरलेलं नाणं बहुधा आपसूक बाहेर पडतंही. ते घशात अडकलेलं नाही ना, हे पाहायला एक्स-रे काढून घ्यावा, पण एरवी फार घाबरण्यासारखं काही नसतं.

घोळ होतो तो पुढे. गेलं ते नाणंच होतं, हे बहुतेक वेळा कोणीच पाहिलेलं नसतं. ‘काहीतरी चकचकीत, गोल होतं’ एवढंच ताईला आठवतं. रुपयाच्या नाण्याएवढा, तसाच चपटा आणि चकचकीत सेल आता घरोघरी आहे. वजनकाट्यात, मोटारीच्या किल्लीत, साखर मोजायच्या मशीनमध्ये, माळेच्या दिव्यांच्या छोट्या रिमोटमध्ये तो असतो. पाठीवर ‘सीआर २०३२’ लिहिलेलं दिसेल. त्यातले २० म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब असतो ३ व्होल्ट. आजोबांच्या कानाच्या मशीनमधले आणि मनगटी घड्याळातले सेल याहून बारके असतात. ते घशातून सहसा खाली उतरतात. वीस मिलिमीटरचा मात्र लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो.

‘सेल फुटला, आतलं ॲसिड बाहेर आलं, तरच इजा होते’ असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. सेल अगदी शाबूत असला तरी भाजतो. मूल झोपलेलं असताना एक प्रयोग करून बघा. चिकनच्या तुकड्याला स्वयंपाकात लावतो तशी हळद आणि मीठ चोळा, थोडं पाणी शिंपडा आणि त्यावर नवा सेल ठेवा. अधिकचं चिन्ह असलेली बाजू वर, अरुंद बाजू खाली. थोड्याच वेळात कडेने बारीक फेस येऊ लागतो आणि खालची हळद लाल पडते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तेच इथे घडतं, कारण क्षार तयार झालेला असतो. ओल्या मांसातून वीज वाहते, पाण्याचं विघटन होतं आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली साचते. तासा-दोन तासांनी सेल उचलून खालचं मांस पाहा. प्रयोग झाला की तुकडा फेकून द्या, सेल मोजून उचला आणि हात धुवा.

घशात हेच होतं, फक्त तिथे ओलाव्यासाठी लाळ असते आणि अन्ननलिकेची भिंत सेलला दोन्ही बाजूंनी आवळून धरते. इजेची सुरुवात पंधरा-वीस मिनिटांत होते आणि दोन तासांत ती गंभीर होऊ शकते. अन्ननलिकेच्या पुढे श्वासनलिका असते आणि शेजारून महाधमनी जाते. भाजलेली भिंत पातळ होत जाते आणि सेल काढल्यानंतर कित्येक दिवसांनीही तिला भोक पडू शकतं. म्हणून सेल निघाला तरी डॉक्टर मुलाला लगेच घरी सोडत नाहीत. तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

संपलेला सेलही धोकादायकच. काटा चालवण्याइतका जोर त्यात उरलेला नसतो, पण घसा भाजण्याइतका असतो. आणि घरात हेच सेल सर्वांत बेवारस पडलेले असतात : फ्रिजवरच्या वाटीत, टीव्हीच्या मागे, ‘नंतर टाकू’ म्हणून ठेवलेले.

दिवाळीला आणलेली प्लॅस्टिकची पणती उलटी करून पाहा. तळाला चकतीएवढं झाकण असतं, ते नखाने निघतं. पणती फरशीवर आपटली तर नखाचीही गरज पडत नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्यामुळे चांगल्या खेळण्यात सेलच्या झाकणाला स्क्रू असतो. पण पणती, रिमोट, गाणारं ग्रीटिंग कार्ड ही काही खेळणी नव्हेत. दीड वर्षाच्या मुलाला हे कोण सांगणार? ऑस्ट्रेलियाने जून २०२२ मध्ये असे सेल असलेल्या सगळ्याच घरगुती वस्तूंना सुरक्षित झाकण सक्तीचं केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेनेही तसा कायदा केला. त्या कायद्याला सेल गिळून दगावलेल्या दीड वर्षाच्या मुलीचं नाव आहे. आपल्याकडे असा कायदा होईतोवर स्क्रूचं झाकण पाहूनच वस्तू घ्यावी, आणि घरात आहेत त्यांच्या झाकणावर रुंद चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी. पणती दिसायला कुरूप होईल, होऊ दे.

गिळताना कोणी पाहिलं नसेल, तर लक्षणं फसवी असतात. लाळ गळते, मूल खायला नको म्हणतं, खोकतं, कधी ताप येतो. सर्दी-घसाच वाटतो आणि औषधही त्याचंच मिळतं. म्हणून वस्तूतला सेल सापडत नसेल, तर दवाखान्यात पहिलं वाक्य तेच असू द्या : ‘सेल गिळला असावा, एक्स-रे काढा.’ एक्स-रेत नाण्याची एकच कड दिसते, सेलची बहुधा दुहेरी.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात वेळ घालवू नका. लहान मुलांच्या घशातून दुर्बिणीने वस्तू काढतात अशा मोठ्या रुग्णालयात थेट जा आणि वाटेतून फोन करा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. बोट घालून उलटी काढू नका. केळं, भात, दूध, पाणी काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागते. अपवाद फक्त मधाचा. मूल एक वर्षाहून मोठं असेल, नीट गिळत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, सहा वेळांपेक्षा जास्त नाही. मधाने इजेचा वेग मंदावतो, सेल निघत नाही. मध हाताशी नसेल तर शोधत बसू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र चाटवायलाही नको, त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो.

सेल नाकात किंवा कानात गेला असेल तर थेंब घालू नका. ओलावा वाढला की इजाही वाढते. तिथेही घाई तेवढीच.

जुना सेल काढला की तिथल्या तिथे दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बंद डबीत टाका आणि डबी उंचावर ठेवा. भरली की ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पुढच्या लेखांकात : नाकात गेलेला हरभरा आणि श्वासनलिकेत गेलेला शेंगदाणा.