पदवीची वर्षे आणि खेळाडूची घडण

नंदुरबार : प्रतिनिधी

बारावीनंतर महाविद्यालयात दाखल झालेल्या खेळाडूच्या हाती जेमतेम तीन ते पाच वर्षे असतात. शालेय स्पर्धांचे दार बंद झालेले असते आणि नोकरीची चिंता समोर उभी असते. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अनेक घरांतील महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असल्याने या वर्षांचे मोल अधिक आहे. ती खेळाडू घडविण्यासाठी कशी वापरता येतात, हे समजण्यास अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे उदाहरण उद्‌बोधक ठरते.

चेंडूविना खेळणारा खेळाडू

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'ऑफेन्सिव्ह लाइन'मध्ये पाच खेळाडू असतात. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. सेंटर चेंडू मागे देऊन खेळ सुरू करतो. उरलेल्या चौघांच्या हाती चेंडू सहसा येत नाही. अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना थोपवून सहकाऱ्यांना वाट मोकळी करून देणे, हेच त्यांचे काम. कबड्डीत साखळी धरून उभ्या राहणाऱ्या बचावपटूंप्रमाणे येथेही एकाची चूक सर्वांना भोवते. महाविद्यालयीन फुटबॉलमधील प्रतिष्ठेची हाइसमन ट्रॉफी आजवर एकाही ऑफेन्सिव्ह लाइनमनला मिळालेली नाही. १९७३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचे जॉन हिक्स दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते.

तरीही अशा खेळाडूवर विद्यापीठे अनेक वर्षे मेहनत घेतात. सुमारे १३५ किलो वजन पेलून चपळाईने हालचाल करण्याची क्षमता एका हंगामात येत नाही. म्हणून परंपरेने पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळण्याची सोय ठेवण्यात आली. पहिल्या वर्षी अनेकांना मैदानात न उतरविता, किंवा मोजकेच सामने देऊन, केवळ सरावात ठेवले जाते. याला 'रेडशर्ट' म्हणतात. शिष्यवृत्ती, आहार, व्यायाम व उपचार यांची जबाबदारी विद्यापीठ घेते. २०२५ पासून उत्पन्नाचा वाटा थेट खेळाडूंना देण्याची मुभाही विद्यापीठांना मिळाली आहे.

नंदुरबारची वाट

जिल्ह्यातील महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. खेळाडू प्रथम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो, तेथून आंतरविभागीय स्पर्धेत आणि निवड झाल्यास विद्यापीठाच्या संघात जातो. पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धा असतात. कबड्डी, खो-खोसारख्या सांघिक खेळांत आधी पश्चिम विभाग आणि मग अखिल भारतीय फेरी होते. २०२० मध्ये भुवनेश्वर येथून सुरू झालेल्या 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धांनी आणखी एक पायरी जोडली. शिखरावर जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा आहे.

ही शिडी निवडीची आहे. निवड झालेल्या संघाला स्पर्धेपूर्वी सराव शिबिर मिळते; वर्षभराचा सराव, सकस आहार आणि राहण्याची सोय मात्र बहुधा खेळाडूलाच पाहावी लागते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील मुलांना तर मैदान गाठण्यासाठीच घाटवाट उतरावी लागते.

नाशिकचा धडा

ही सोय झाल्यास काय घडते, हे नाशिकने दाखविले. भोसला मिलिटरी महाविद्यालयाची विद्यार्थिनी संजीवनी जाधव हिने प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली सराव केला. तिने २०१७ मध्ये तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक जिंकले. नंदुरबार जिल्ह्यातील लांब पल्ल्याचा धावपटू किसन तडवी यालाही सरावासाठी नाशिकच गाठावे लागले.

गाव सोडणे प्रत्येकाला परवडत नाही. त्यामुळे जिल्ह्यातच खेळाडूंसाठी वसतिगृह, नियमित प्रशिक्षक आणि पहिल्या वर्षापासून सलग सराव यांची सोय होणे गरजेचे आहे. प्रवेश घेतानाच विद्यार्थी व पालकांनी महाविद्यालयातील मैदान, प्रशिक्षक आणि वसतिगृह यांची चौकशी करणे हिताचे ठरेल. पदवीची वर्षे एकदाच मिळतात.